शिवेवरची मोरी

२०२३च्या जुलैत आमच्या रस्त्यावरची मुक्कामाची एसटी बंद झाली. त्याआधीच्या दोन आठवड्यांत दोनदा गाडीचा पाटा मोडला होता. दोन्ही वेळा जागा एकच, आमच्या आणि वरच्या गावाच्या शिवेवरची ओढ्याची मोरी. दुसऱ्या वेळी रात्री साडेआठला वीसेक माणसं भर पावसात चालत वर गेली. त्यांत कॉलेजच्या चार पोरी होत्या आणि बाळंतपणाला माहेरी निघालेली एक लेक होती. चार दिवसांनी आगारातून निरोप आला की रस्ता नीट होईपर्यंत गाडी खालच्या गावापर्यंतच येईल. मला त्या निरोपाचा राग आला नाही. गाडी मोडली की चालक-वाहकाला रात्रभर तिथंच बसावं लागतं, ते मी पाहिलं होतं.

मी तेव्हा मधल्या गावची सरपंच होते. तीन ग्रामपंचायतींनी मिळून एक रस्ता कसा सांभाळला, हे विचारायला आता आसपासच्या गावांतून फोन येतात. फोनवर अर्धंच सांगून होतं, आणि जे सांगायचं राहतं तेच नेमकं अडचणीचं असतं. म्हणून हे लिहून काढते आहे.

आमचा भाग सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचा, घाटमाथ्याला लागून. पाऊस चार महिने बसून असतो. राज्यमार्गावरच्या फाट्यापासून निघालेला आमचा रस्ता ११ किलोमीटर जाऊन डोंगराच्या पायथ्याशी संपतो. त्यावर तीन ग्रामपंचायती. खालचं गाव मोठं, ६२० उंबऱ्यांचं, पण त्याच्या हद्दीत रस्ता ३ किलोमीटर. आमचं मधलं गाव ३१० उंबऱ्यांचं, रस्ता साडेतीन किलोमीटर. वरचं गाव म्हणजे चार वाड्या मिळून १७० उंबरे, आणि रस्ता साडेचार किलोमीटर. या आकड्यांवर पुढं किती रात्री गेल्या ते सांगेनच.

रस्ता कागदावर ‘इतर जिल्हा मार्ग’, म्हणजे जिल्हा परिषदेचा. गावातल्या माणसाला त्याचं काही पडलेलं नसतं. खड्डा दारात असतो आणि सरपंच गावात असते, त्यामुळे जाब तिलाच. मी बांधकाम उपविभागात गेले. शाखा अभियंत्यांनी मला टाळलं नाही, याबद्दल मी आजही त्यांचे आभार मानते. त्यांनी दोन कागद समोर ठेवले. एकावर तालुक्यातले रस्ते, दुसऱ्यावर ३०५४ या लेखाशीर्षातून देखभाल-दुरुस्तीला आलेला पैसा.

“ताई, रस्ता आमचाच आहे, नाही म्हणत नाही. औंदा तरतूद कापून आली आहे. यातला कुठला रस्ता वगळू ते तुम्हीच सांगा.”

मी यादी वाचली. एका रस्त्यावरचा पूल खचला होता, दुसऱ्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र होतं. कुठला वगळा म्हणून सांगणार?

परतताना एसटीत बसून हिशोब केला. मार्च २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक होते. १५व्या वित्त आयोगाच्या पैशातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना यायचा आणि प्रत्येकी १० टक्के जिल्हा परिषदेला व पंचायत समितीला. निवडून आलेले सदस्य नसल्यानं ते वीस टक्के अडकून पडलेले. म्हणजे ज्यांचा रस्ता त्यांच्याकडं पैसा नाही आणि ज्यांच्याकडं थोडाफार पैसा त्यांचा रस्ता नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडं सोपवायच्या २९ विषयांत तेरावा विषय रस्ते, मोऱ्या, पूल यांचाच आहे. विषय आहे, पण आमच्या एकट्या गावानं आपले साडेतीन किलोमीटर चकाचक केले तरी एसटी शिवेवर येऊन थांबणारच होती. रस्ता अर्धा दुरुस्त होत नाही, हे मला त्या प्रवासात कळलं.

घरी आल्यावर मी आबांकडं गेले. आबा बांधकाम खात्याच्या गँगमध्ये मैलकुली होते, आमच्या फाट्यावरच्या राज्यमार्गावर. तरुण वाचकांना हा शब्द माहीत नसेल. रस्त्याचा ठरावीक तुकडा एका माणसाच्या ताब्यात असायचा. फावडं, घमेलं, पहार घेऊन तो रोज तेवढा तुकडा चालायचा. गटार मोकळं करायचं, मोरीतला पाला काढायचा, साईडपट्टी तासायची, खड्डा हाताएवढा असतानाच भरायचा. आबा निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी माणूस आला नाही. त्यांच्या मागचे दोघे निवृत्त झाले, त्यांच्याही जागा तशाच राहिल्या. गँग कधी मोडली याचा कुठं बोभाटा झाला नाही. माणसं एकेक करून घरी गेली, एवढंच.

आबा म्हणाले, “डांबराचं मागनं बगू. पाऊस चालू हाय तवर समदी मिळून चालू या. उन्हाळ्यात रस्ता बगून काय कळत न्हाई.”

अधिक श्रावण चालू होता. एका रविवारी सकाळी सातला आम्ही फाट्यापासून निघालो. खालच्या गावचे सरपंच अण्णा, वरच्या गावच्या उपसरपंच वहिनी, तिन्ही गावचे सातआठ सदस्य, दूध गोळा करणारा पोरगा, दोन ट्रॅक्टरवाले, मी आणि सगळ्यांच्या पुढं पोत्याची खोळ पांघरलेले आबा. जिथं अडचण तिथं बांबूची खुंटी ठोकून तिला लाल चिंधी बांधायची असं ठरलं. अकरा किलोमीटरला सहा तास लागले.

त्या सहा तासांत मी जेवढं शिकले तेवढं कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही. पावसात रस्ता बोलतो. पाणी कुठून चढतं, कुठं थांबतं, कुठं रस्ता ओलांडून पलीकडच्या वावरात उतरतं, सगळं उघड्यावर दिसतं. पावणेचार मीटर रुंदीच्या डांबरी रस्त्याला मध्ये पाठ असावी लागते, कडेपेक्षा मध्यभाग साधारण ५ सेंटिमीटर उंच. साईडपट्टी डांबराच्या खाली आणि बाहेर उतरती असावी लागते. आमच्याकडं उलटं झालं होतं. वर्षानुवर्षं माती आणि गवत साठून साईडपट्टी डांबरापेक्षा वीतभर वर आली होती. पाण्याला बाहेर जायला जागाच नाही, मग ते चाकोरीतून वाहतं, डांबराच्या भेगेतून खाली शिरतं, खालची खडी हलते आणि उसाची दोन ट्रॉल्यांची गाडी वरून गेली की तिथला पोपडा उचलून येतो. त्याला आपण खड्डा म्हणतो.

एकूण ७४ चिंध्या बांधल्या. त्यातल्या ५१ ठिकाणी मूळ दुखणं पाण्याचं होतं.

आणि ते पाणी कुणी अडवलं होतं? शेतात ट्रॅक्टर उतरवायला लोकांनी गटारात मुरूम टाकून वाटा केल्या होत्या, खाली पाइप न घालता. अशा १९ वाटा. घरोघरी नळ देण्यासाठी जलवाहिनी टाकताना आमच्याच ग्रामपंचायतीनं सहा ठिकाणी रस्ता आडवा खोदून वरवर मातीनं बुजवला होता. ठरावावर सही माझी होती. त्या १९ वाटांपैकी एक आमच्या घरच्या शेताची होती. आबा तिथं थांबले, माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता खुंटी ठोकली. दुसऱ्या दिवशी मी आमची वाट उकरायला लावली. घरात आठवडाभर अबोला होता. चुलत दीर म्हणाले, सरपंचकी पाच वर्षांची, शेत जन्माचं. पण आमची वाट निघाल्यावर उरलेल्या १८ जणांकडं जायला मला तोंड मिळालं. पावसाळा संपेपर्यंत १२ जणांनी पाइप घातले, बाकीच्यांना नोटिसा द्याव्या लागल्या.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तिन्ही गावांनी ठराव घेतले. ठराव सोपा असतो. खरी गाठ वाटणीची.

पहिली बैठक आमच्या शाळेत. अण्णांचं म्हणणं, ज्याच्या हद्दीत जेवढा रस्ता तेवढा त्यानं सांभाळावा. वहिनी म्हणाल्या, “अण्णा, आमच्या हद्दीत रस्ता जास्त आहे तो डोंगरामुळं. १७० उंबऱ्यांनी साडेचार किलोमीटर ओढायचे आणि तुमच्या ६२० उंबऱ्यांनी तीन?” अण्णांचं उत्तरही चुकीचं नव्हतं: “आमची माणसं फाट्याकडं जातात, वर कोण येतं? आम्ही तुमच्या रस्त्याला पैसा का घालावा?” मग दूधवाला पोरगा बोलला. वरच्या दोन गावांचं दूध, ऊस आणि काजू खालच्या गावातूनच जातो, दुकानं तिथं, गिरणी तिथं, खतं-औषधांचं दुकान तिथं. गाडी वर गेली नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या वाटेनं दुसऱ्या बाजाराला जाईल. त्याला बैठकीत बोलायचा अधिकार नव्हता, पण त्याच्या बोलण्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

चौथ्या बैठकीत तोडगा निघाला: अर्धी वाटणी रस्त्याच्या लांबीवर, अर्धी उंबऱ्यांवर. आकडेमोड केली तर खालच्या गावाला ४२ टक्के, आम्हाला ३० आणि वरच्या गावाला २८. नुसत्या लांबीवर वरच्या गावाला ४१ टक्के आले असते आणि खालच्या गावाला २७. नुसत्या उंबऱ्यांवर खालच्या गावाला ५६. प्रत्येकाला थोडं टोचलं, म्हणून ते टिकलं असं मला वाटतं. जे गाव असा प्रयत्न करणार असेल त्यांना माझं एकच सांगणं आहे की हा आकडा आधी ठरवा, कामाचं नाव नंतर काढा. काम आधी निघालं की प्रत्येकाला आपला खड्डा आधी दिसतो.

पैशाचे दोन कप्पे केले. एक, रोजच्या निगेचा. दुसरा, डांबराच्या मोठ्या कामाचा. हे वेगळे का ठेवावे लागले ते सांगते, कारण इथं पुष्कळ गावं अडकतात.

१५व्या वित्त आयोगाच्या पैशातले ६० टक्के तेव्हा बंधित होते, पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचे. उरलेले ४० टक्के अबंधित, त्यातून रस्ता करता येत होता. मात्र पगार आणि आस्थापनेवर त्यातला पैसाही लावता येत नव्हता. आम्हाला तर हवा होता माणूस, आबांसारखा बारमाही रस्ता चालणारा. त्याची मजुरी ग्रामनिधीतून, म्हणजे घरपट्टीच्या पैशातूनच द्यावी लागणार. आणि स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून, दिवाबत्ती आणि शिपायाचा पगार भागवून जे उरतं ते आमच्यासारख्या गावात फार नसतं.

आम्ही हिशोब असा मांडला. दोन माणसं, वर्षाला प्रत्येकी १२० दिवस, रोज ५०० रुपये. मजुरीचे १ लाख २० हजार, अवजारं आणि किरकोळ साहित्याचे ३० हजार. दीड लाखात खालच्या गावाचे ६३ हजार, आमचे ४५ हजार, वरच्या गावाचे ४२ हजार. वहिनींनी आकडा वहीत लिहिला आणि वही मिटली. म्हणाल्या, “एवढी आमची घरपट्टी वसूलच होत नाही. पण माणसं आहेत.” मग २१ हजार रोख आणि बाकीचे २१ हजार श्रमदानातून, म्हणजे ५०० रुपयांच्या हिशोबानं ४२ दिवस. प्रत्येक दिवसाची हजेरी वहीत, सहीनिशी. त्यांच्या चारही वाड्यांनी ती हजेरी पहिल्या वर्षी ४२ ऐवजी ५७ दिवस भरली.

दोन माणसांमध्ये एक बाई असावी हा आग्रह माझा. वरच्या वाडीचं जोडपं मिळालं. दोघांना मजुरी सारखी. त्यावरही एक बैठक गेली. “बाईला पाचशे?” असं एका सदस्यांनी विचारलं. आबांनी त्यांना सांगितलं की गटाराचा काठ धरून तासायला आपल्याकडं तिच्याइतका सफाईदार हात नाही, आणि विषय तिथंच संपला. आबा दोघांबरोबर पंधरा दिवस चालले आणि त्यांना काम शिकवलं, त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

आता भाऊसाहेबांबद्दल. ग्रामसेवकाला आमच्याकडं भाऊसाहेबच म्हणतात. २०२४ मध्ये शासनानं पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलं, हाक तीच राहिली. तिघांपैकी दोघांचा सुरुवातीला विरोध होता आणि तो मला पुढं पटला. त्यांचे प्रश्न तीन होते. आपल्या हद्दीबाहेर खर्च केला तर लेखापरीक्षणात आक्षेप येणार, वसुली सरपंच आणि ग्रामसेवकावर निघणार. रस्ता जिल्हा परिषदेचा, त्यावर आपण हात लावायचा कोणत्या अधिकारात? आणि एकाच रस्त्याची तीन छोटी कामं काढली तर निविदा टाळायला तुकडे पाडले असं कुणी म्हणालं तर?

उत्तरं मिळायला तीन महिने गेले. ग्रामपंचायत अधिनियमात एकापेक्षा जास्त ग्रामपंचायतींना सामाईक कामासाठी संयुक्त समिती नेमता येते, ती तरतूद आमच्यापैकी कुणी कधी वापरली नव्हती. निगेचा कप्पा त्या समितीकडं दिला. डांबराची कामं मात्र प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपल्या हद्दीत, आपल्या विकास आराखड्यात, आपल्या मान्यतेनं, आपल्या सूचनाफलकावर जाहीर करून स्वतंत्र घ्यायची. सामाईक काय, तर अंदाजपत्रक एकाच अभियंत्यानं एकाच पद्धतीनं करायचं आणि तिन्ही ठिकाणी काम एकाच आठवड्यात लावायचं. याचा फायदा फार मोठा होता. रोलर आणि डांबराचा बॉयलर डोंगरापर्यंत आणायचाच खर्च इतका की दोन-तीनशे मीटरच्या डागडुजीला कुणी ठेकेदार येत नाही. अकरा किलोमीटरची डागडुजी एका दमात असेल तर येतो. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचं ना हरकत पत्र मिळालं, त्यात काम त्यांच्या देखरेखीखाली आणि मोजमाप पुस्तिका त्यांच्या शाखा अभियंत्यांनी भरायची अशी अट होती. आम्हाला ती अट हवीच होती.

राहिली शिवेवरची मोरी, जिच्यापासून हे सुरू झालं. आम्ही म्हणायचो ती वरच्या गावाची, ते म्हणायचे आमची. तलाठ्यांकडं जाऊन गावनकाशा उघडला तर ओढ्याची मध्यधार हीच शीव. मोरीचा एक काठ आमच्याकडं, दुसरा त्यांच्याकडं. इतकी वर्षं दोन्ही गावं खरं बोलत होती. आत ६०० मिलिमीटरचे जुने सिमेंट पाइप, निम्मे गाळानं भरलेले आणि एक मधोमध तडकलेला. शेवटी अदलाबदल केली. मोरी संपूर्ण आमच्या ग्रामपंचायतीनं घ्यायची, ९०० मिलिमीटरचे पाइप आणि दोन्ही बाजूंना दगडी भिंत. त्या बदल्यात शिवेलगतची आमची साईडपट्टी आणि गटार वरच्या गावानं करायचं. दोन्ही ग्रामसभांचे एकमेकांना ना हरकत ठराव. लेखापरीक्षकांनी पुढं ते ठराव मागितले, पाहिले आणि पुढच्या पानावर गेले.

मुरमाचा प्रश्न ट्रॅक्टरवाल्यांनी सोडवला. तिन्ही गावांत ऊस वाहणारे १४ ट्रॅक्टर. रस्ता सगळ्यांत जास्त कुणाच्या वजनानं मोडतो हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, पावसातल्या त्या रविवारी दोघं आमच्याबरोबर चालले होते. प्रत्येकानं हंगामाआधी तीन खेपा फुकट टाकायच्या असं त्यांनीच ठरवलं. तहसीलमधून परवानगी घेऊन, स्वामित्वधन भरून ४२ खेपा मुरूम साईडपट्टीवर पडला. त्यावर पाणी मारून दबाई केली नसती तर पहिल्या वळवात सगळा वाहून गेला असता. तशी घाई करायला काहीजण तयारच होते, आबांनी थांबवलं.

डांबराची प्रशासकीय मान्यता मिळता मिळता फेब्रुवारी २०२४ उजाडला. १२ मार्चला खालच्या आणि आमच्या गावाचे कार्यारंभ आदेश निघाले. वरच्या गावाचा कागद एका त्रुटीसाठी परत आला होता. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि तो कागद जूनपर्यंत हलला नाही. मी त्या दिवशी वहिनींच्या घरी गेले. त्या स्वयंपाक करत होत्या. एवढंच म्हणाल्या, “म्हणजे आम्ही परत शेवटीच.” मला काही बोलता आलं नाही. चारच दिवसांचा फरक होता.

एप्रिल-मे मध्ये खालचे साडेसहा किलोमीटर झाले. खड्डा कसा भरतात ते मी उभं राहून पाहिलं, आणि मापाच्या वेळी आमच्या गावच्या बायका टेप धरायला होत्या. खड्ड्याच्या कडा आधी चौकोनी, सरळ कापायच्या. सैल खडी आणि धूळ पूर्ण काढायची, नाहीतर डांबर धुळीला चिकटतं, रस्त्याला चिकटत नाही. मग तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात, त्यावर थराथरानं मिश्रण आणि प्रत्येक थराला दबाई. दोन ठिकाणी धूळ न काढता मिश्रण ओतलं होतं. ते आम्ही पुन्हा काढायला लावलं. ठेकेदारानं कुरकुर केली, पण केलं. मोरीही त्याच महिन्यात झाली.

वरच्या साडेचार किलोमीटरवर डांबर आलं नाही, पण गटारं आली. ते जोडपं आणि चारही वाड्यांची माणसं मेभर राबली. मग २०२४च्या जुलैअखेरीस पाऊस असा कोसळला की दोन दिवस ओढे रस्त्याला लागले. पाऊस उघडल्यावर मी वर गेले. खड्डे जुनेच होते, डांबर नवं नव्हतंच. पण एकही नवा तुकडा वाहून गेला नव्हता. पाणी साईडपट्टीवरून उतरून गटारात जात होतं, गटारातून मोरीत. डांबराचा एक थेंब न घालता रस्ता एक पावसाळा जसाच्या तसा राहिला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ज्यांना वाटतं की निधी येईपर्यंत काही करता येत नाही, त्यांना मी तो साडेचार किलोमीटरचा तुकडा दाखवायला घेऊन जाते.

एसटीसाठी आगारात चार खेपा झाल्या. ऑगस्टमध्ये त्यांचा माणूस येऊन रस्ता पाहून गेला, गाडी आमच्या गावापर्यंत सुरू झाली. वरच्या गावाचं डांबर दिवाळीआधी लागणार होतं तर १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. अखेर जानेवारी २०२५ मध्ये ते झालं, ऐन ऊसतोडीत, गाड्या थांबवून थांबवून. फेब्रुवारीत मुक्कामाची गाडी वर गेली. त्या रात्री वहिनींनी चालक-वाहकाला जेवायला घातलं.

सगळं जमलं असं नाही. जलवाहिनीचे सहा आडवे चर नीट बुजवले, पण त्यातले दोन पुन्हा बसले आहेत. ज्या सहा शेतकऱ्यांना नोटिसा दिल्या त्यातल्या एकानं अजून पाइप घातलेला नाही आणि त्याच्या बांधाजवळ दर पावसात तळं होतं. खालच्या गावानं दुसऱ्या वर्षाचा शेवटचा हप्ता चार महिने उशिरा दिला, तेवढे दिवस त्या जोडप्याची मजुरी आम्ही आमच्या निधीतून भागवली. मजुरी थकली की माणूस दुसऱ्या कामाला जातो, आणि असा माणूस पुन्हा मिळत नाही. मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत नाजूक जागा तीच वाटते.

वही माझ्याकडं आहे. लाल कापडी बांधणीची, तिन्ही गावांचे शिक्के पहिल्या पानावर. कुणीही येऊन बघावी. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती शाळेत उघडून वाचतात, किती दिवस काम, कुठल्या किलोमीटरला, किती पैसे. वाचायला आमच्याकडं दहावीतली एक मुलगी आहे, तिचा आवाज खणखणीत आहे.

२०२५ मध्ये पाऊस मे संपायच्या आतच आला. आमचं गटारांचं वेळापत्रक जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचं होतं आणि वरचे अडीच किलोमीटर अजून बाकी होते. २५ तारखेच्या रात्री वरच्या वाडीतून फोन आला की ओढ्याला पाला आणि झाडाच्या फांद्या येऊन मोरीच्या तोंडाशी अडकल्या आहेत, पाणी रस्त्याला टेकलंय. मी फोन फिरवले. टॉर्च आणि कोयते घेऊन माणसं येत गेली. अण्णाही आले, सत्तरीला टेकलेले. पहाटे अडीचला फांद्या निघाल्या आणि पाणी एकदम खाली गेलं.

वहीत त्या रात्रीची नोंद अशी आहे: “मोरी मोकळी केली. वरचं गाव ९ माणसं, मधलं १४, खालचं ६. मजुरी नाही. चहा मधल्या गावाकडून.” खालच्या गावच्या नव्या सदस्यांनी मागणी केली आहे की जसं वरच्या गावाचं श्रमदान धरता तसे आमच्या सहा माणसांचे तीन हजार रुपये आमच्या हिश्शातून वजा करा. मागणी रास्त आहे. पण मग आमच्या चौदांचेही धरावे लागतील, आणि त्यांच्या गावात दोन वर्षांत उंबरेही वाढले आहेत, म्हणजे टक्केवारी नव्यानं काढावी लागेल. रविवारच्या बैठकीत पहिला विषय तोच आहे.